नाइन माइल बोअरची गाणी

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या चढावरच्या त्या घरात जेवायला बसलं की एक नियम होता. ताटात वरणभात असो नाहीतर भरलं वांगं, बोलायचं मात्र इंग्रजीत.

नियम रवींद्रचा होता. रवींद्र मूळचा बार्शीचा. शिक्षण मराठी शाळेत झालं आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच वर्षी त्याच्या इंग्रजी उच्चारांना सगळा वर्ग हसला. ते हसणं तो विसरला नाही. पुढे २००१ साली बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तो न्यूझीलंडला आला, तेव्हा इथल्या लोकांनाही त्याचं बोलणं धड कळेना. नेटवर्क इंजिनिअर असूनही पहिले काही महिने त्याने सुपरमार्केटमध्ये भाजीचे क्रेट उचलले. वेलिंग्टनला त्याच्या शिक्षणाजोगी नोकरी मिळाली त्या दिवशी घरी येऊन तो सुमेधाला म्हणाला, "आजपासून घरात मराठी बंद. माझं झालं ते माझ्या पोरीचं होता कामा नये."

सुमेधाला ते पटलं नव्हतं. पण नवऱ्याचे ते महिने तिने जवळून पाहिले होते, म्हणून ती गप्प राहिली. मुलीचं नाव निवेदिता. शाळेत ती 'निव' झाली आणि हळूहळू घरातही 'निव'च राहिली. ती अकरा वर्षांची होईपर्यंत मराठी तिला कळायची, पण बोलता येत नसे. सुमेधा कधी चुकून मराठीत काही विचारून बसली तर उत्तर इंग्रजीत यायचं. पोरगी उद्धट नव्हती. तिच्याकडे ते शब्दच नव्हते.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी हे असंच चालतं, आणि त्यात काही बिघडलंय असं आपल्याला वाटतही नाही.

शेजारच्या घरात क्लिफर्ड आणि हुइया राहत. हुइया माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ लोकांपैकी, दवाखान्यात नर्स होती. सकाळी कुंपणावरून "किया ओरा, रवी" असा त्यांच्या भाषेत नमस्कार करून हात करायची. क्लिफर्ड मात्र या देशाचा नव्हता. तो ऑस्ट्रेलियातला, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. पन्नाशी ओलांडलेला, काळाभोर, उंच, दाढी पांढरी. गॅरेजमध्ये तो आसपासच्या मुलांना गिटार शिकवायचा. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं.

निवेदिताने गिटारचा हट्ट धरला तेव्हा रवींद्र आधी कां-कू करत होता. मराठी मंडळींत कुणीतरी म्हणालं होतं, "त्या लोकांच्या घरी पोरीला कशाला पाठवतोस?" सुमेधाने त्यावर एवढंच विचारलं, "ते लोक म्हणजे कोण? आपणही इथे कुणाचे तरी 'ते लोक'च आहोत ना?" निवेदिता शिकायला जाऊ लागली. वर्षभरात तिची बोटं छान फिरायला लागली.

मग एका सोमवारी ती उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली. टर्मच्या शेवटी कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि क्लिफर्डने प्रत्येकाला आपापल्या घरच्या भाषेतलं एक गाणं म्हणायला सांगितलं होतं. वर्गात सामोअन मुलं होती, टोकेलाऊ बेटांवरची होती, माओरी होती. सगळ्यांकडे काही ना काही होतं.

"आय टोल्ड हिम वी डोन्ट हॅव वन," निवेदिता म्हणाली. "वी जस्ट स्पीक इंग्लिश."

सुमेधा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिने नळ उघडा सोडला आणि कितीतरी वेळ तोच एक डबा धूत राहिली.

रवींद्र तडक शेजारी गेला. क्लिफर्ड गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून गिटारच्या तारा बदलत होता. समोर खाली बंदर दिसत होतं आणि नेहमीचा वारा सुटला होता. दोघांचं बोलणं अर्थात इंग्रजीतच झालं.

"तिला इंग्रजी गाणं म्हणू द्या," रवींद्र म्हणाला. "तिचे उच्चार उत्तम आहेत. तिला उगीच वेगळं कशाला पाडायचं?"

क्लिफर्डने तार ओवता ओवता विचारलं, "तुझी आई आहे?"

"आहे. बार्शीला असते."

"ती निवशी कुठल्या भाषेत बोलते?"

रवींद्रला या प्रश्नाचा राग आला, कारण त्या दोघी बोलतच नसत. फोनवर आजीची चौकशी सुरू झाली की निवेदिता "हाय आजी, गुड, बाय आजी" म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायची. "भाषेने पोट भरत नाही, क्लिफर्ड," तो म्हणाला. "तुम्हाला कल्पना नाही मी काय काय सोसलंय."

"नसेल," क्लिफर्ड म्हणाला. "बस. मी तुला आमच्या बँडची गोष्ट सांगतो. मग पोरीला काय म्हणू द्यायचं ते तूच ठरव."

रवींद्र नाइलाजाने बसला.

"आमची वस्ती वाळवंटात. एक दुकान, एक शाळा, एक दवाखाना. जवळचं शहर गाठायला लाल मातीच्या रस्त्याने पुरा दिवस लागायचा, तोही गाडी बिघडली नाही तर. शाळेत हेडमास्तर दारात छडी घेऊन उभा असायचा. आमच्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघाला की बाहेर उन्हात उभं करायचा. मी आणि माझा चुलत भाऊ जास्त वेळ बाहेरच असायचो. तिथे आम्ही हळू आवाजात गाणी म्हणायचो, म्हणून आम्हाला गाता यायला लागलं."

तो थोडा हसला.

"रस्त्याचं काम करणारे लोक एक गिटार टाकून गेले. तिला तीनच तारा होत्या. चौथी आम्ही मासे धरायच्या दोरीची लावली. दूध पावडरच्या डब्यांचा ड्रम केला, तो आमचा एक मित्र वाजवायचा. आधी आम्ही रेडिओवरची इंग्रजी गाणी म्हणायचो, बर्फाची, समुद्राची. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. एकदा आमची आजी येऊन ऐकत बसली. गाणं संपल्यावर म्हणाली, 'चांगलं आहे. पण हे दुःख कुणाचं आहे? तुमच्या घरात दुःख कमी आहे का?' त्या दिवसापासून भाऊ आमच्या भाषेत गाणी करायला लागला. वस्तीपासून नऊ मैलांवर पाण्याचा एक बोअर होता. त्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही सराव करायचो. म्हणून बँडचं नाव नाइन माइल बोअर."

"आमच्याकडेही बोअरच म्हणतात," रवींद्र नकळत बोलून गेला. "बार्शीला आमच्या गल्लीत होता."

"मग तुला कळेल," क्लिफर्ड म्हणाला. "फुटबॉलचे सामने असले की वस्त्यांवस्त्यांतून लोक जमायचे. तिथे आम्ही ट्रकच्या मागच्या फळ्यांवर उभे राहून वाजवायचो. म्हातारी माणसं लाल धुळीत नाचायची. आपली भाषा स्पीकरमधून येताना ती पहिल्यांदा ऐकत होती. मग शहरातल्या पबने बोलावलं. आम्हाला स्टेजवर जायची परवानगी होती. आमच्या बायकापोरांना मात्र आत घेतलं नाही. ती रस्त्यापलीकडे बसून ऐकत होती. भावाने त्या रात्री स्पीकर उचलून खिडकीत ठेवला, तोंड बाहेर करून."

"पुढे?"

"पुढे एक रेकॉर्डवाला आला. त्याने एक इंग्रजी गाणं घेतलं, ते रेडिओवर खूप वाजलं. सगळा देश फिरलो. इथेही एका उत्सवाला आलो होतो, तेव्हा हुइयाच्या लोकांनी आमचं स्वागत केलं, त्यांच्या भाषेत, गाऊन. मी तिला तिथेच पाहिली. पण रेकॉर्डवाल्याला आमच्या भाषेतली गाणी नको होती. म्हणाला, कोण ऐकणार? आमचं सगळ्यात मोठं गाणं होतं पाण्याच्या वाटेचं. आमचे पूर्वज वाळवंट ओलांडायचे तेव्हा कुठल्या पाणवठ्यावरून कुठल्या पाणवठ्यावर जायचे, ते नावं घेत घेत सांगणारं. ते त्याने घेतलं नाही. भाऊ म्हणाला, मग मला तुमची दुसरी रेकॉर्डही नको, आणि घरी निघून गेला. बँड तिथेच संपला. मी हुइयाकडे आलो. काही वर्षांनी भाऊ वारला."

"त्यांचं नाव काय होतं?" रवींद्रने विचारलं.

"ते मी घेत नाही. आमच्या वस्तीत गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं. त्याचा आवाजही वाजवायचा नसतो, घरचे मोकळीक देईपर्यंत. बारा-तेरा वर्षं झाली. मी ते गाणं कुणाकडून ऐकलेलं नाही. ड्रमवाला मित्र होता तोवर दर रविवारी फोन करायचा, तेवढीच भाषा कानावर पडायची. गेल्या हिवाळ्यात तोही गेला. आता वस्तीत फोन केला तर पोरं उचलतात. ती घाईत असतात, आणि इंग्रजीच बोलतात."

बंदराच्या काठाने आगगाडी गेली. ती जाईपर्यंत क्लिफर्ड थांबला.

"इंग्रजी शिकवू नकोस असं मी म्हणत नाही, रवी. इंग्रजीत मी पेट्रोल मागितलं, पोलिसांशी भांडलो, हुइयाला मागणी घातली. पण भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मला माझ्या भाषेत रडायचं होतं, आणि इथे ते रडणं समजणारं कुणी नव्हतं. हुइया माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. तिला माझं दुःख कळलं, माझे शब्द कळले नाहीत." मग तो रवींद्रकडे वळला. "आमच्या दारात हेडमास्तर छडी घेऊन उभा होता. तुमच्या दारात कोण उभं आहे?"

रवींद्र उठला. आपण भेटायला आलो तेव्हा रागात होतो आणि परत जाताना राग वाढलाय, एवढंच त्याला कळत होतं. दारात कोण उभं आहे म्हणे! याला काय कळतंय माझ्या घरातलं? घरी आल्यावर त्याने कुणाला काही सांगितलं नाही. नियम तसाच राहिला. निवेदिताने एक इंग्रजी गाणं बसवायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी हुइया कुंपणाशी आली. तिचा चेहरा ओढलेला होता. "रवी, जरा येतोस? तो सकाळपासून काही खात नाहीये."

क्लिफर्ड गॅरेजमध्ये उभा होता. गिटार बाजूला पडली होती. त्याच्या भावाच्या मुलीचा वस्तीतून फोन आला होता. घरच्यांनी मोकळीक दिली होती. आता तिच्या वडिलांची गाणी गायला, ऐकायला हरकत नव्हती. ज्या शाळेत छडी होती, त्याच शाळेत आता मुलांना भाषा शिकवायची होती आणि सुरुवात पाण्याच्या वाटेच्या गाण्याने करायची होती. पण गाण्याची रेकॉर्ड कधी झालीच नव्हती. पहिली दोन कडवी लोकांना येत होती. तिसरं, ज्यात पाणवठ्यांची नावं एकामागून एक येतात, ते आता कुणाला येत नव्हतं. फक्त क्लिफर्डला.

"मग ही तर आनंदाची गोष्ट आहे," रवींद्र म्हणाला.

क्लिफर्डने नकारार्थी मान हलवली. त्याने डोळे मिटले आणि हळू आवाजात गायला सुरुवात केली. रवींद्रला शब्द कळत नव्हते, पण चाल पावलांची होती. लांबच्या वाटेला लागलेल्या माणसाची. एक नाव, मग जरा थांबून दुसरं नाव, तिसरं. आणि मग तो अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्याच जागी पुन्हा थांबला.

"एक नाव जातंय," तो म्हणाला. "खडकातलं पाणी आणि दोन झाडांचं पाणी, यांच्यामध्ये एक पाणवठा आहे. त्याचं नाव आठवत नाहीये. तोंडात येतं असं वाटतं आणि येत नाही. ड्रमवाल्याला माहीत होतं." तो खाली बसला. "आता कुणाला विचारू?"

एवढा उंच माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. हुइया त्याच्या शेजारी बसली. रवींद्रला काय करावं सुचेना.  तो हलक्या पावलांनी घरी आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला.

बसल्या बसल्या त्याला एक गंमत सुचली, निदान आधी ती गंमत वाटली. आपल्याला काय काय आठवतंय ते बघू या. लहानपणी आई त्याला न्हाऊ घालून, पंच्यात गुंडाळून अंगणात बसवायची आणि एक गाणं म्हणायची. पुस्तकातलं नव्हे. तिनेच रचलेलं, त्याच्यासाठी. 'चिमणं माझं न्हालं गं, उन्हात वाळत बसलं गं.' पहिली ओळ आली. दुसरी? वारा आला... वारा आला, आणि मग काय झालं?

दुसरी ओळ येईना. त्याने पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. त्याच जागी तोही अडखळला.

 क्लिफर्डला विचारायला माणूस नव्हता. त्याच्या भाषेवर छडी चालली होती, त्याचं गाणं परक्या माणसाने नाकारलं होतं. आणि आपण? आपल्या दारात कोणीही उभं नव्हतं. आपणच छडी घेऊन आपल्या दारात उभे राहिलो!

तो आत आला आणि फोन लावला. बार्शीला तेव्हा पहाट होती.

"रवी? इतक्या सकाळी? सगळं ठीक आहे ना रे?" रवींद्रच्या आई, मंदाताई, घाबरल्या.

"ठीक आहे, आई. मला एक सांग. चिमणं माझं न्हालं गं... त्याची पुढची ओळ काय?"

 मग आजीच्या झोपाळलेल्या आवाजात ओळ आली.

"वारा आला पुसायला, पाठमोरं हसलं गं."

रवींद्रने डोळे पुसले. सुमेधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. निवेदिता जिन्यात. बाबा फोनवर मराठीत बोलतोय आणि रडतोय, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"निवेदिता, इकडे ये," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याने पूर्ण नाव घेतलं होतं. "आजीकडे एक गाणं आहे. शिकशील?"

ती शिकली. आठवडाभर रोज फोन चालला. 'वाळत'मधला ळ तिला जमेना, आजी पलीकडून जीभ कुठे लावायची ते समजावत होती आणि दोघी हसत होत्या. 'पाठमोरं' म्हणजे काय, हे तिला इंग्रजीत सांगताना रवींद्रला चार वाक्यं लागली. निवेदिता म्हणाली, "दॅट्स सो कूल. एका वर्डमध्ये?" आणि पाठ फिरवून उभी राहून हसून दाखवलं.

पण एका संध्याकाळी गिटार बाजूला ठेवून तिने विचारलं. मोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत. "बाबा, तुझ्याकडे हे होतं. मग मला का नाही दिलं?"

रवींद्रने तिला कॉलेजातलं हसणं सांगितलं, भाजीचे क्रेट सांगितले, त्याची भीती सांगितली. सगळं मराठीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मी आधीच विचारलं असतं, तर दिलं असतंस?"  काही वर्षं परत देता येत नाहीत, हे बापाला मुलीसमोर बसून मान्य करावं लागलं.

हॉलमध्ये निवेदिताने आजीचं गाणं म्हटलं. दोनच ओळी, पण तीन वेळा, प्रत्येक वेळी जरा हळू. ळ बराचसा जमला. शेवटी टोकेलाऊची एक म्हातारी बाई सुमेधाकडे वळून म्हणाली, "आंघोळ घातलेल्या बाळाचं आहे ना?" सुमेधाने चकित होऊन मान डोलावली. कसं कळलं, ते तिने विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी क्लिफर्ड आणि हुइया वस्तीला गेले. वर्षभर राहून मुलांना शिकवायचं ठरलं होतं. रवींद्रने त्यांना वेलिंग्टनच्या विमानतळावर सोडलं. गाडीत क्लिफर्ड सगळी वाट काहीतरी पुटपुटत होता. ते एक नाव अजून सापडलेलं नव्हतं.

शेजारचं घर बंद राहिलं. संध्याकाळी गॅरेजमधून येणारे सूर थांबले. रवींद्रला तो कोपरा फार सुना वाटायचा.

काही महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला. पलीकडे वारा होता आणि क्लिफर्ड ओरडून बोलत होता. "ऐक. काही बोलू नकोस, नुसतं ऐक."

रवींद्रने सुमेधा आणि निवेदिताला जवळ बोलावलं. तिघांनी एका रिसीव्हरला कान लावले. लांबून मुलांचे आवाज आले. तीच पावलांची चाल. नावं एकामागून एक येत होती. खडकातलं पाणी आलं असावं, कारण त्यानंतर सगळी मुलं एकदम थांबली. त्या जागी कुणी खोटं नाव भरलं नव्हतं. एका नावापुरती शांतता होती, फक्त वारा ऐकू येत होता. मग मुलांनी पुढचं पाऊल उचललं आणि गाणं पुढे गेलं.

गाणं संपल्यावर क्लिफर्ड म्हणाला, "जे गेलं त्याची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. पोरांना कळू दे, इथे काहीतरी होतं."

मंडळी, आपल्यावर ही पाळी अजून आलेली नाही. आपल्याकडे विचारायला माणसं आहेत. आपली आई आहे, आजी आहे, गावाकडची एखादी मावशी आहे, जिच्या तोंडात अजून शब्द शाबूत आहेत. जगाची भाषा मुलांना जरूर शिकवावी, ती त्यांच्या पोटाची आहे. पण त्यासाठी घरची भाषा दाराबाहेर उभी करायला आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या हाताने करतो, आणि आपल्याच हाताने थांबवू शकतो. एका नावाची जागा मोकळी राहिली तर गाणं पुढे जातं. सगळीच नावं गेली, तर पुढच्या मुलांना इथे एक वाट होती हेसुद्धा कळणार नाही.